अक्का, तो अर्ज मी टाकलाच नाही

माझ्या अक्का,

सवयीनं पहिल्याच ओळीत 'तुमची तब्येत कशी आहे' असं लिहून बसले आणि मग जीभ चावली. खोडलंय ते. कागद बदलत नाही, खोडलेलंच राहू द्या.

आज शनिवार. सकाळची शाळा सुटून दोन तास झाले तरी मी वर्गातच बसलेय. घरी जाऊन भाकरी टाकायला पाहिजे, पण मन थाऱ्यावर नाही. दोनदा कुलूप हातात घेतलं, दोनदा परत येऊन बसले. आज निकाल लागला. आपली सुंदरा चौथी पास झाली! पेढे वाटावेत असा दिवस, आणि नेमकं आजच मोठ्या गुरुजींनी मला ऑफिसात बोलावून सांगितलं की पाचवीच्या यादीत तिचं नाव घालणार नाही. यादी सोमवारी जाणार. सोमवारीच तिचा बाप यल्लप्पा मेंढरं घेऊन खाली नदीकडं निघणार. यादीत नाव नसलं तर पोरगी मेंढरांमागं जाईल, आणि एकदा गेली की परत पाटीला हात लागायचा नाही. म्हणजे माझ्या हातात उद्याचा एक दिवस. आणि 'आता काय करू अक्का?' असं विचारायला तुम्ही नाहीत.

म्हणून लिहायलेय. दुसरंही एक कारण आहे. ते एवढ्यात हातातून उतरणार नाही, थोडं पुढं जाऊ द्या.

आधी भांडून घेते. "चार दिवसांची रजा टाकते गं विमल, पोटात दुखायलंय, बीदरला भावाकडं जाऊन दाखवून येते," म्हणून गेलात. गाडीत बसल्यावरसुद्धा खिडकीतून ओरडून सांगितलंत, "उद्या माझ्या पोरांचे पाढे घे!" घेतले मी! रोज घेतले, कानडीत घेतले, तुमची पोरं माझ्या उच्चाराला हसली तरी घेतले. आणि दहाव्या दिवशी कोपरा फाडलेलं कार्ड आलं. पोस्टमननं हातात द्यायच्या आधीच मान खाली घातली, तिथंच मला कळलं. तुमच्या मातीला यायलासुद्धा मिळालं नाही मला. वीस वर्षं एका छपराखाली उभ्या राहिलो आपण, आणि तुम्ही असं परस्पर निघून गेलात! असं जातात होय कुणी?

छप्पन साली आपला भाग म्हैसूर राज्याला जोडला, तेव्हापासून तुम्ही या शाळेत. मी नंतर आले. शाळा म्हणजे एक लांबलचक खोली, मधोमध आडवं लावलेलं ते हिरवं लोखंडी कपाट. अल्याड माझी मराठी पोरं, पल्याड तुमची कानडी. तुमचे पाढे माझ्याकडं ऐकू यायचे, माझ्या कविता तुमच्याकडं. कपाटाला पाठ लावून बसणाऱ्या पोरांना दोन्ही यायचं.

आणि आपली ती जुनी रीत! पोराला इकडं कळेना झालं की, "जा, पल्याड बसून बघ." कुणाची आई कानडी, बाप मराठी, शेजार उर्दू. लेकराला शाळेत कोणत्या भाषेत बसवायचं हे आईबापालाच ठाऊक नसायचं. दर जूनला तीन-चार पोरं कपाटाला वळसा घालून जायची, दिवाळीपर्यंत त्यातली दोन परत यायची. त्यात कुणालाच काही वावगं वाटायचं नाही.

सुंदरा आली तेव्हा सहा वर्षांची होती. निंगव्वा तिला घेऊन आली. निंगव्वाचं माहेर गुलबर्ग्याकडचं, कानडी; यल्लप्पाचं घर मराठी. मी पोरीला नाव विचारलं तर ती माझ्याकडं टकमक बघत राहिली. निंगव्वा म्हणाली, "बोलायला उशीर लागायलाय बाई तिला. घरात दोन भाषा हाईत, कोनती धरावी कळंना झालंय." मी लगेच निकाल दिला, "कानडी दिसतीय. अक्कांकडं बसवा." दिवाळी झाली आणि तुम्ही तिला हाताला धरून अल्याड आणलंत. "विमल, ही तुझी गं. हिला कानडीतलं ओ का ठो कळंना."

दीड वर्ष, अक्का! दीड वर्ष ती पोरगी कपाटाभोवती फिरत राहिली. चार वेळा फिरली. मला वाटायचं ती कानडी, तुम्हाला वाटायचं ती मराठी, आणि तिच्या आईला वाटायचं ती दोन्हींच्या मधी कुठंतरी अडकलीय. आपण दोघी शिकलेल्या बायका! जिथं एकच भाषा बोलतात तिथल्या एखाद्या बाईला आठ दिवसांत कळलं असतं की लेकराला ऐकूच येत नाही. आपल्याला कळलं नाही, कारण आपल्या शाळेत न समजणं ही रोजचीच गोष्ट होती.

त्यात तिच्या अक्षरानं आपल्याला फसवलं. फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवायची, तुमच्याकडं कानडी, माझ्याकडं बाळबोध. एवढी देखणी पाटी असलेली पोरगी खुळी नसणार, म्हणजे भाषेचाच घोळ, असं आपण धरून चाललो. शुद्धलेखन सांगितलं की मात्र पाटी कोरी. एकदा मी सांगत होते आणि ती खडूसुद्धा हलवेना. "अक्षर येतंय, मग लिहायला काय झालंय? माज आलाय?" म्हणत मी थोबाडीत दिली. ती रडली नाही. माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मला वाटलं, काय निगरगट्ट पोरगी आहे! अक्का, ती माझ्या ओठांकडं बघत होती. मार खाऊनसुद्धा मी काय म्हणाले तेच शोधत होती. तो गाल अजून माझ्या हाताला लागतो.

पुढच्याच आठवड्यात तुमची दाढ सुजली. गालाला फडकं बांधून, तोंडावर पदर धरून तुम्ही शिकवायला उभ्या राहिलात. सुंदरा तेव्हा परत तुमच्याकडं होती. थोड्या वेळानं मला पल्याडून रडणं ऐकू आलं, मग तुमचं ओरडणं, मग पोरांचं हसणं. मी कपाटाच्या कडेनं डोकावले तर पोरगी तुमच्यापुढं उभी राहून तुमचा पदर ओढायलेली! तुम्ही हात झटकलात, ती परत ओढायला लागली. शेवटी पदर सुटला, तुम्ही चिडून काहीतरी बोललात, आणि पोरगी गप झाली. मुकाट जागेवर जाऊन बसली. तुम्ही परत पदर धरलात, तिनं परत भोकाड पसरलं.

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. दाढ-बिढ विसरून गेला होतात. "विमल, घंटीची थाळी आण. हिच्या मागं जाऊन वाजव." वाजवली. कानाशी नेऊन वाजवली. सगळी पोरं दचकली, दोघांनी कानावर हात ठेवले, ती तशीच बसून तुमच्या तोंडाकडं बघायलेली. तुम्ही थाळी माझ्या हातातून काढून घेतलीत. "अय्यो, बहिरी हाय गं ही. आपन काय करून बसलाव?"

निंगव्वाला सांगायला तुम्ही पुढं झालात, मी तुमच्या पाठीमागं लपले. निंगव्वानं आधी ऐकूनच घेतलं नाही. "ऐकू येईना तर ती मला अव्वा म्हनती कशी?" तुम्ही म्हणालात, "तुझ्या ओठांवरनं उचललंय तिनं." निंगव्वानं स्वतःच्याच ओठांना हात लावून बघितला. मग बीदरच्या मोठ्या दवाखान्यात तुम्हीच घेऊन गेलात त्यांना. तिसऱ्या वर्षी ताप आला होता म्हणे, त्यात दोन्ही कान गेले. आता औषध नाही.

मग आपण तिला कुठं बसवायचं यावर भांडलो. तुमचा हट्ट, माझ्याकडं; कारण माझ्या बाजूला खिडकी होती, उजेड सरळ माझ्या तोंडावर पडायचा. एवढ्या कारणावर पोरीची भाषा ठरली बघा!

फळ्याकडं तोंड करून एक शब्द बोलायचा नाही, ही तुमची पहिली अट. म्हणायला सोपं! पहिले सहा महिने मी रोज विसरायची आणि सुंदरा रोज पाटी आपटायची. 'पान' म्हणा, 'बाण' म्हणा, 'मान' म्हणा, ओठ सगळ्यांना सारखेच मिटतात, हे मला चाळिशी आल्यावर कळलं. तिचा हात माझ्या गळ्यावर ठेवायचा, नाकावर ठेवायचा, म्हणजे कुठं थरथरतं ते तिला कळायचं. कुणी शिकवलं होतं आपल्याला हे? कुणीच नाही. तुम्ही घरी आरशापुढं बसून शोधून काढायचात आणि सकाळी येऊन मला सांगायचात.

पोरं मात्र आपल्यापेक्षा शहाणी निघाली. आठ दिवसांत खुणा शिकली. खो-खोमध्ये ओरडून भागत नाही म्हटल्यावर तिच्या पाठीत जोरात थाप मारायची, एवढाच नियम बदलला आणि खेळ सुरू. एकानं तिला मुकी म्हणून चिडवलं तर ती त्याच्या दंडाला कडकडून चावली. तुम्ही तिला रागावलात आणि पाठ फिरवून हसलात. मी बघितलं होतं!

आणि मोठ्या गुरुजींची मिशी! ते इतिहास घ्यायचे, आणि त्यांच्या झुपकेदार मिशीत वरचा ओठ बुडून जायचा. सुंदराला काही म्हणजे काही दिसायचं नाही. तुम्ही भर ऑफिसात म्हणालात, "गुर्जी, तुमच्या मिशीनं लेकराचं शिक्षन आडलंय." निझामाच्या काळात उर्दूत शिकलेला माणूस, जन्मभर त्या मिशीला तेल लावत आलेला. आठ दिवस वर्गात आले नाहीत. मग एका सोमवारी मिशी कातरून आले आणि आपण होऊनच म्हणाले, "न्हाव्याचा हात चुकला." आपण दोघी हसू दाबत कपाटामागं पळालो. किती हसलो होतो, अक्का!

दुसरीच्या शेवटी सुंदरा वाचायला लागली. आवाज घोगरा, शब्द अर्धे, पण बोट ठेवून वाचायची आणि अर्थ खुणेनं सांगायची. आपल्याला आभाळ ठेंगणं झालं.

पण तुमचं समाधान होईना. "विमल, आपन अंधारात चाचपडायलाव गं. आपल्याला काय येतंय? पुढचं कोन शिकवनार हिला?" गुलबर्ग्यात बहिऱ्या-मुक्या मुलांची शाळा आहे, राहायची सोय आहे, दहा वर्षांच्या आतलं लेकरू घेतात, हे तुम्हीच शोधून काढलंत. अर्ज मागवलात. आपल्या हातानं कानडीत भरलात. यल्लप्पाचा अंगठा घेतलात, डॉक्टरची चिठ्ठी टाचलीत. मी म्हणत होते, नको. तुम्ही म्हणत होतात, जाऊ दे. आपलं खरं भांडण ते एकच. त्या रविवारी मी तालुक्याच्या गावी, कल्याणला जाणार होते, मंठाळला गाडी बदलायची होती. "तिथं पोस्टाच्या पेटीत टाक," म्हणून तुम्ही पाकीट माझ्या पिशवीत ठेवलंत. भांडणारीच्या हातात ठेवलंत. तेवढा विश्वास होता तुमचा.

टाकला नाही मी तो अर्ज.

लिहिलं एकदाचं. विसरले म्हणायची सोय नाही. मी पेटीसमोर उभी राहिले, पाकीट बाहेर काढलं, हात पेटीच्या तोंडापर्यंत नेला आणि परत पिशवीत घातलं. माझ्या ट्रंकेत साड्यांच्या खाली आहे ते अजून.

मनाची समजूत घालायला कारणं होतीच. तिथं सगळं कानडी, पोरगी मराठी ओठ वाचणारी, तिला परत पहिल्यापासून उभं करतील. आईपासून तोडतील. तिथल्या खोलीत तिला ताप आला तर कोण बघेल? ही काही खोटी कारणं नव्हती. पण खरं कारण निराळंच होतं, आणि ते तुम्हाला सांगायची मला लाज वाटायची. त्याच महिन्यात इन्स्पेक्टर साहेब आले होते, आठवतं? सुंदरानं त्यांच्यापुढं धडा वाचला आणि साहेब म्हणाले, "बाई, कमाल केलीत तुम्ही." अठरा वर्षांच्या नोकरीत मला कुणी पहिल्यांदा असं म्हणालं होतं. तालुक्याच्या बैठकीत लोक ओळखायला लागले: मुक्या पोरीला वाचायला शिकवणाऱ्या बाई त्याच का? सुंदरा गेली असती तर मी परत नुसती पाढे घेणारी बाई झाले असते. तिच्यासाठी नव्हे हो, माझ्यासाठी ठेवून घेतली मी तिला!

आणि तुम्ही रोज पोस्टमनला अडवायचात. "गुलबर्ग्याचं काय आलं का रे?" मग माझ्याकडं वळून, "काय म्हनावं ह्या लोकांला! एक कार्ड टाकायला यांचे हात झिजतेत?" आणि मी मान डोलवायची! "सरकारी कारभार, अक्का," असं म्हणायची वर! सहा महिन्यांनी तुम्ही दुसरा अर्ज मागवूया म्हणालात, तर मी म्हणाले, "जागा नसतील, कशाला त्रास घेता?" तुम्ही त्या लोकांना शिव्या देतच गेलात. ज्यांनी काही केलंच नव्हतं त्यांना! तुमच्या तोंडावर मला हे कामून सांगता आलं नाही, अक्का? रोज कपाटापलीकडं तुमचा आवाज ऐकायची मी. दहा पावलं होती.

आता सुंदरा अकरा वर्षांची आहे. दहाच्या आतली सोय गेली.

मोठे गुरुजी म्हणतात, "विमलबाई, पाचवीला घेतली की सातवीला बसवावी लागती. सातवीला सरकारी परीक्षा. एक नापास झालं तर शाळेचा निकाल पडतो. आन् अक्काबी न्हाईत आता. तुम्ही एकट्या किती वढनार?" ते वाईट नाहीत हो. दोन वर्षांत रिटायर होणार, भ्यालेत. सकाळी निंगव्वा येऊन पायरीवर बसली होती. "बाई, तुमी म्हनाल तसं," एवढंच म्हणाली. तुमी म्हनाल तसं! मला तिच्याकडं बघवेना. माझ्यामुळंच तर झालंय हे सगळं.

थांबा, अक्का. हे असं कागदावर तुम्हाला सांगून काय उपयोग? तुम्ही तर रागावूसुद्धा शकत नाही आता. जिला सांगायला पाहिजे ती गावाबाहेर मेंढवाड्यात बसलीय. जाऊन येते. घोटभर पाणी पिते आणि जाते.

आले. ऊन कलायलंय.

निंगव्वा घोंगड्या बांधत होती. मी बसलेच नाही, उभ्यानंच सांगून टाकलं. पाकिटाचं, पेटीचं, ट्रंकेचं, सगळं. वाटलं होतं शिव्या देईल. दोन दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं बांधलेली गाठ सोडली, परत आवळून बांधली. मग म्हणाली, "तवा तुमी इचारलं आसतं तर म्या धाडली आसती का, म्हाईत न्हाई. न्हाईच धाडली आसती बगा, ल्हान व्हती. पर बाई, इचारायचं व्हतं मला. अंगठा आमचा व्हता."

मी खाली बसले. घोंगडीचं दुसरं टोक धरलं.

"आता तिलाच इचारा," निंगव्वा म्हणाली. "मलाबी नगं, तुमालाबी नगं."

तिला विचारायचं! अक्का, आपण दोघी तिच्यावरून दोन महिने भांडलो, पण तिला विचारायचं तुम्हालाही सुचलं नव्हतं हं! हे एक मी तुमच्या पदरात टाकणारच.

सुंदरा कोकरू पाजत होती. तिच्यासमोर मी उजेडाकडं तोंड करून बसले. हळूहळू सांगितलं. गुलबर्गा. मोठी शाळा. राहायचं तिथंच. तिथली पोरं, असं म्हणून मी कानाला हात लावला आणि बोटं हलवली, ऐकू येत नाही. तिनं कोकरू खाली ठेवलं. परत सांग, अशी खूण केली. मी परत सांगितलं.

संध्याकाळी मेंढरं मोजून झाली की यल्लप्पा लांबून दोन्ही हात पसरून एक मोठा वळसा घालतो. म्हणजे सगळा कळप आला. सुंदरानं आपल्या कानाला हात लावला, मग दोन्ही हात पसरून तसा वळसा घातला आणि भुवया वर केल्या. माझ्यासारखे? एवढे?

मी हो म्हटलं. तिनं मला तीनदा हो म्हणायला लावलं.

अकरा वर्षांची झाली, अक्का, आणि तिनं स्वतःसारखं दुसरं एकही लेकरू आजपर्यंत बघितलेलं नाही! मी तिला तीस बोलक्या पोरांमध्ये बसवलं, खेळवलं, पास केलं आणि छाती फुगवली. ते चुकलं असं मी म्हणणार नाही. त्या तीस पोरांना विचारा, ती काय काय शिकली तिच्याकडून. पण जगात आपण एकटीच अशी, असं धरून ती रोज शाळेत येत असेल, हे माझ्या डोक्यात एकदासुद्धा आलं नाही.

"जायचंय?" विचारलं. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. त्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "बगू."

मग तिनं तीन बोटं कपाळावरून आडवी ओढली. तुमच्या कपाळावरच्या विभूतीच्या पट्ट्यांची खूण. तुमची खूण. आणि भुवया वर. अक्का येणार ना बरोबर?

तिला माहीतच नव्हतं, अक्का! कार्ड आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेत आम्ही दोन मिनिटं उभे राहिलो होतो. तीही उभी होती, सगळ्यांसारखे हात जोडून. सगळ्यांची तोंडं मिटलेली, ती कुणाचं काय वाचणार? महिनाभर गावात पारावर, विहिरीवर तुमचंच बोलणं चाललं होतं, आणि सगळं तिच्या डोक्यावरून गेलं. त्या दिवशी मला रडताना बघून तिनं काय झालं म्हणून विचारलंही होतं. मी डोळ्यात कचरा गेल्याची खूण केली आणि तोंड फिरवलं. तोंड फिरवलं! तुमच्या पहिल्या अटीची ही गत केली मी.

आज फिरवलं नाही. सांगितलं. तिनं घट्ट डोळे मिटून घेतले. तिनं डोळे मिटले की आपलं सगळं बोलणं संपतं, तुम्हाला ठाऊक आहे. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले, पुढं सरकली आणि माझी हनुवटी धरून माझं तोंड उजेडाकडं वळवलं. नीट सांग. पहिल्यापासून.

मग पहिल्यापासून सांगितलं. पोट, बीदर, दवाखाना, तुमचा भाऊ, कार्ड. काही लपवलं नाही. अर्जाचंही सांगितलं. सगळं झाल्यावर ती रडली, कोकराला पोटाशी धरून रडली. मला जवळ येऊ दिलं नाही. बरोबर केलं तिनं.

येताना मोठ्या गुरुजींच्या दारात गेले. म्हटलं, पाचवीच्या यादीत सुंदराचं नाव घाला, नाहीतर यादीवर वर्गशिक्षिकेची सही मिळणार नाही. खूप चिडले, अक्का. मग आत जाऊन शिसपेन्सिलीनं नाव लिहिलं. शाईनं लिहीपर्यंत मी उंबऱ्यावरून हलले नाही. यल्लप्पा मेंढरं घेऊन पुढं जाणार आहे, मायलेकी थांबणार आहेत. सोमवारच्या पहिल्या गाडीनं आम्ही तिघी गुलबर्ग्याला जातोय.

आता माझा शब्द घ्या, अक्का. तुमच्या हातचा तो अर्ज मी बरोबर नेणार आहे. उशीर कुणामुळं झाला ते तिथं मान वर करून सांगणार आहे. घेतो म्हणाले आणि सुंदरा राहते म्हणाली, तर तिला ठेवून येईन आणि घरी येऊन पोटभर रडेन. ती परत चला म्हणाली, तर पाचवीला आणून बसवीन आणि सातवीपर्यंत एकटी ओढीन, शाळेचा निकाल पडला तर पडू दे. आणि वय गेलं, जागा नाही असं ते म्हणाले, तर तिथल्या तिथं तिच्याकडं तोंड करून, उजेडात, एकेक शब्द तिला सांगेन. नकार असला तरी तो तिचाच आहे. तिच्या आधी तो मी ऐकून ठेवणार नाही.

जिच्यावर तुम्ही रागवायच्या राहिलात ती तुमची,
विमल